आगबोटीच्या धक्क्यावरची कोंडाबाई

"तिचं डोळं लाल कशानं झालं, ते सांग आधी."

"वाऱ्यानं."

"वाऱ्यानं? दोन्ही डोळं?"

"वारा काय एकाच डोळ्यात शिरतोय व्हय, बाळाबाई? सगळी बोट भरून वारा हुता. सिद्रामला इचार."

"सिद्रामला कशाला इचारू? पोरगी माझी हाय. पोटात मी वागवली, दूध मी पाजलं, आनि रडायला तुझा खांदा?"

"रडली म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"अख्खा बाजार बघत हुता!"

"मग बाजारालाच जाऊन इचार की. माझ्या दारात कशाला उभारलीयास?"

पंच्याहत्तर सालच्या नागपंचमीचा हा दुसरा दिवस. कोंडाबाई आपल्या दारात दोराचं तुटलेलं टोक वळत बसली होती आणि मान वर करायला तयार नव्हती. बाळाबाई कमरेवर मूठ ठेवून समोर उभी. आणि जिच्यावरनं हे चाललं होतं ती जया, बाळाबाईची सासरहून सणाला आलेली एकुलती एक लेक, वर चिंचेच्या झोपाळ्यावर उभी राहून अशी खिदळत होती की खालपर्यंत ऐकू येत होतं.

"बघ, हसती का न्हाय?" कोंडाबाई म्हणाली. "पोरगी सुखात हाय. जा घरला."

"माझ्यासमोर हसती. तुझ्यासमोर काय करती ते मला पायजे."

कोंडाबाईनं दोराचा पीळ आवळला आणि गालातल्या गालात हसली. ते हसणं बाळाबाईला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

"स्वतःच्या कुशीला फळ न्हाय, म्हणून दुसऱ्याच्या लेकी पळवत बसलीस," असं म्हणून ती चढ चढून गेली.

कोंडाबाईचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

*

दूधगंगा कृष्णेला मिळायच्या थोडं अलीकडं दोन फाट्यांत फुटते आणि पुढं जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन फाट्यांच्या मधे आमची वाडी. चारी बाजूंना पाणी, मधे तंबाखूची रानं आणि पाऊणशे घरं. आमच्या पणज्यांच्या वेळी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं इथला माल पलीकडं न्यायला धुरांड्याची एक छोटी आगबोट आणली. तिच्यासाठी काळ्या दगडाचा धक्का बांधला, त्यात मनगटाएवढं जाड लोखंडी कडं बसवलं. बोट लाकडावर चालायची आणि धुरांड्यातनं ठिणग्या उडवायची. वाळल्या तंबाखूच्या गोणपाटी बोदांवर ठिणग्या उडवणारी बोट! व्हायचं तेच झालं. एका उन्हाळ्यात बोदं पेटली, लोकांनी ती नदीत ढकलली आणि पुढं कितीतरी दिवस खालच्या अंगाच्या गावातली म्हातारी माणसं नदीचं पाणी पिऊन ठसकत, तरी मुद्दाम तेच पाणी प्यायला येत. व्यापाऱ्यानं हाय खाल्ली. पुढं डिझेलची लाँच आली. ना तिला धुरांडं, ना आग. तरी वाडीनं तिला आगबोटच म्हटलं.

ती लाँच चालवायचा सिद्राम, पलीकडच्या काठावरचा, निम्मं कानडीत ओरडणारा आणि निम्मं मराठीत शिव्या देणारा. आणि अलीकडं धक्क्यावर त्यानं फेकलेला दोर झेलायचा भरमा अंबी. अंबी म्हणजे नदीवरची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या नाव हाकणारी. कोंडाबाई ही भरमाची बायको. भरमा तापानं आडवा झाला तेव्हा ती दोर झेलायला उतरली. भरमा गेला, दोर तिच्याच हातात राहिला. सिद्राम म्हणायचा, "भरमाला दोर टाकला की दोनदा पाण्यात पडायचा. आक्काला टाकला की हातात चिकटतोय."

पण वाडीला कोंडाबाई ठाऊक होती ती दोरासाठी नव्हे.

सासरहून आलेल्या लेकीवरनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची रीत सगळीकडंच आहे, आणि ती घराच्या उंबऱ्यात होते. आमच्याकडं ती धक्क्यावर व्हायची. लेक पाणी ओलांडून येते, वाटेत लागलेली दिष्ट पाण्यातच सोडायची, घरात न्यायची नाही, असा त्यामागचा विचार. आणि तुकडा ओवाळायचा तो अंब्याच्या घरच्या बाईनं. लेकीनं बोटीतनं फळीवर पाय ठेवला की कोंडाबाई हातात ताट घेऊन पुढं व्हायची, तुकडा तिच्या तोंडावरनं उतरवून नदीत टाकायची, डोळ्यांना पाणी लावायची. आणि मग ती लेक, कुणाचीही असो, पाटलाची असो नाहीतर बौद्धवाड्यातली असो, कोंडाबाईच्या गळ्यात पडायची. सासरी सहा-सहा महिने दातांखाली धरून ठेवलेलं काय काय तिथं सुटायचं. कोंडाबाई काही विचारायची नाही. "व्हय गं. व्हय." एवढंच. तेवढ्यात सिद्राम ओरडायचा, "आक्का, फळी सोडा! माणसं उतरायची हायती!"

मग लेक नदीच्या पाण्यानं तोंड धुवायची, पदर सारखा करायची आणि चढाला लागायची. कोंडाबाई खालनं बघत उभी राहायची. पहिली चार पावलं जड पडायची. मधल्या वळणावर मान वर व्हायची. घर दिसेपर्यंत चालीत उड्या यायच्या, आणि वरनं हाक ऐकू यायची, "आयेऽऽ, आले गंऽऽ!" दाराशी आई उभी. तिला लेक हसतानाच दिसायची.

"हसं सगळं वर जातंय, माझ्या पदरात नुसती रडी," कोंडाबाई सिद्रामला म्हणायची.

"मग उद्यापास्नं वर जाऊन उभी ऱ्हा."

"माझ्या दारात कोण येतंय रं?"

म्हणजे जळणारी एकटी बाळाबाईच होती असं नाही. खालची वरचीवर जळायची आणि वरची खालचीवर. मधे तेवढा चढ.

आईनं मात्र धक्क्यावर वाट बघत उभं राहायचं नाही. बाजाराला जाता-येता धक्का तुडवायला कुणालाच मनाई नव्हती, पण लेक यायची असेल त्या दिवशी आईनं उंबरा सोडायचा नाही. याचं कारण वाईट होतं. वाडीचं मसण पलीकडच्या काठावर. माणूस गेलं की बोटीनंच पलीकडं न्यायचं, आणि घरच्या बायकांनी धक्क्यापर्यंत येऊन तिथंच थांबायचं. अशा वेळी सासरहून लेकीला बोलावणं धाडताना कुणी "बाप गेला" असं सांगत नसे. "आजारी हाय, चल," म्हणायचे. लेक बोटीत बसायची, आणि काठ जवळ येताना धक्क्यावर आई उभी दिसली की समजायची. कुणाला तोंड उघडावं लागायचं नाही.

हे वाडीतल्या पोरीपोरींना कळत होतं. बाळाबाईलाही ठाऊक होतं, पण ऐकून. कारण ती वाडीतच जन्मली आणि वाडीतच दिली. खालच्या आळीतनं वरच्या आळीत. माहेरी जायचं तर ती डोक्यावर पदर घेऊन दोन गोठे ओलांडायची. बोटीत बसून काठाकडं डोळे लावायची पाळी तिच्यावर कधी आलीच नाही. तिच्यावरनं कुणी तुकडा ओवाळला नाही, आणि कोंडाबाईच्या गळ्यात काय असतं तेही तिला कधी कळलं नाही.

तिला एवढंच दिसत होतं की जया बेळगावकडच्या उचगावला दिल्यापासून प्रत्येक वेळी आधी दुसरीला भेटते.

*

अठ्ठ्याहत्तर साली, संक्रांत झाल्यावर, जया पहिल्या बाळंतपणाला यायची होती. सातवा सरत आलेला. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला, त्याला सुट्टी नाही, म्हणून बेळगावात राहणारा चुलतभाऊ कृष्णात तिला घेऊन येणार होता.

सकाळपासून बाळाबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. नवरा परशराम न्हाव्यापुढं मांडी घालून बसला होता, अर्धी दाढी झालेली.

"निघाले मी," बाळाबाई म्हणाली. अंगावर नवं इरकल, हातात पितळी ताट, ताटात भाकरी.

"कुठं?"

"लेकीला आणायला."

"आगं पर धक्क्यावर..."

"गालाला वस्तरा लागंल, बोलू नगा."

ती धक्क्यावर आली तेव्हा कोंडाबाई तिचं ताट घेऊन आधीच उभी होती. बोट निम्म्या पाण्यात होती. कोंडाबाईनं आधी ताटाकडं बघितलं, मग इरकलाकडं, आणि तिचा चेहरा उतरला.

"बाळाबाई, वर जा."

"का? धक्का तुझ्या बाचा हाय?"

"तसं न्हवं गं. पाया पडते तुझ्या, वर जा. पोरगी बघंल तुला."

"बघू दे की! आईला बघंल, आनि कुणाला?"

"आगं खुळे, तुला हितं बघून तिला काय वाटंल?"

"काय वाटंल? आई आली म्हणंल. या खेपेला तरी माझी लेक आधी माझ्या गळ्यात पडंल. लई दिवस खाल्लंस दुसऱ्याचं."

आणि कोंडाबाईला कोपरानं बाजूला सारून ती लोखंडी कड्याशी, धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. बोटीतनं सरळ नजर पडेल अशी.

जयानं बघितलं. आधी तिचा हात वर झाला, ओळखीचा. मग तो तिथंच राहिला. मग नदीवरनं अशी किंकाळी आली की धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"आप्पाऽऽऽ! माझा आप्पाऽऽ!"

ती बोटीत उभी राहिली. बोट एका अंगाला कलली. बाजारकरणी तिला ओढून खाली बसवू लागल्या. सिद्राम सुकाणू सोडून ओरडत होता, "कूडरी आक्का, कूडरी! बसा! बाई पोटुशी हाय, धरा तिला!" कृष्णात तिच्या कमरेला मिठी मारून बसला होता. जयाचं कपाळ इंजिनाच्या पेटीवर आपटलं.

बाळाबाईला अजून कळलं नव्हतं. ती ताट उंच धरून हसत होती.

बोट लागली. कोंडाबाईनं ताट खाली ठेवलं, एका हातानं दोर झेलला आणि दुसऱ्या हातानं जयाला. जया फळीवरनं उतरली नाही, पडलीच तिच्या अंगावर.

"आप्पा कवा गेला, मावशी? काल? मला सांगितलं का न्हाय?"

"आप्पा कुठं न्हाय गेला. घरात दाढी करत बसलाय."

"खोटं! मग आई हितं का?"

"जये, मी आलीया बघ तुला न्यायला," बाळाबाई पुढं झाली. "आप्पा बरा हाय गं तुझा..."

"मग तू हितं का उभारलीस?" जया ओरडली. "हितं का, आई?"

बाळाबाईचा उंच धरलेला हात खाली आला. ताटातली भाकरी घसरून धक्क्यावर पडली आणि तिथल्या कुत्र्यानं ती उचलली.

जया वर जाईना. आप्पाला बघितल्याशिवाय मी हलणार नाही, म्हणाली. शेवटी कुणीतरी वर धावलं, आणि परशराम आला. गळ्यात फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, आणि मागनं वस्तरा घेऊन न्हावी.

"मी मेलो न्हाय गं बाये! हे बघ, निम्मा तरी जिता हाय!"

बाजार हसला. सिद्राम हसला. जयासुद्धा हुंदके देत हसली. न हसणाऱ्या दोघीच. एक बाळाबाई. दुसरी कोंडाबाई, कारण जया तिच्या गळ्यातनं सुटून बापाकडं गेली होती.

*

पण जयाला उभं राहवेना. म्हणून तिला कोंडाबाईच्याच घरात घोंगड्यावर निजवलं. बाळाबाई बाहेर कट्ट्यावर बसली. नवऱ्यानं तिला आत जाऊ दिलं नाही. "तुझं आज लई झालं," एवढंच तो म्हणाला.

आत कोंडाबाई जयाच्या कपाळाला हळद लावत होती.

"आईवर राग धरू नगं गं."

"राग न्हाय, मावशी."

"तिला वाटतं, तू तिला काय सांगत न्हाईस."

"काय सांगू? मागं एकदा सांगितलं हुतं, सासू जेवायला वाढताना बोलती म्हणून. तर ही जी रडाय लागली, दोन दिस चूल पेटली न्हाय. तिला गप करता करता माझं रडायचं ऱ्हाऊनच गेलं. सासरी सगळ्यांना मीच समजवायचं, आनि हितं येऊन पुन्हा तिलाच?"

कोंडाबाईला आधी बरं वाटलं. लपवून काय करायचं. आत कुठंतरी गोड वाटलं. मग वाटलं, बाहेर कट्ट्यावर ती बसली आहे आणि हे तिला ऐकू गेलं तर? तिनं दाराकडं बघितलं. बाळाबाई नाक शिंकरत नदीकडं तोंड करून बसली होती.

"एक मागू, जये?"

"काय?"

"माझ्यासमोर एकदा हास की. वर जाऊन हसतीस तशी."

जयानं डोळे मिटूनच उत्तर दिलं. "तुझ्यासमोर कशाला हसू? तू काय परकी हायस व्हय?"

दिवस कलताना ती उठली, तोंड धुतलं आणि बापाचा हात धरून चढाला लागली. मधल्या वळणावर मान वर झाली. घरात शिरताना ती काहीतरी बोलून मोठ्यानं हसली. कोंडाबाईनं ते खालनं ऐकलं.

बाळाबाईनं पुढं वाडीभर सांगितलं की अंब्याच्या बाईची नजर लागली म्हणून पोरीचं कपाळ फुटलं. मुलगा झाला, बारसं झालं, घुगऱ्या सगळ्या वाडीत फिरल्या. कोंडाबाईच्या घरी आल्या नाहीत.

*

चौऱ्याऐंशी साली पूल झाला. निपाणीहून बस थेट वाडीच्या मारुतीपर्यंत येऊ लागली. सिद्रामनं लाँचचं इंजिन काढून नेलं आणि पलीकडच्या काठावर पिठाची गिरणी टाकली. कोंडाबाईनं दोन शेळ्या घेतल्या.

पुलाचं सगळ्यांत जास्त कौतुक बाळाबाईला. पहिल्या बसच्या ड्रायव्हरला तिनं ओवाळलं. येता-जाता कोंडाबाईच्या दाराशी आवाज चढवून ती शेजारणीला सांगायची, "आता कसं झालं! लेक बसमधनं उतरती ती सरळ आईच्या पुढ्यात. मधे कुणाचं कडमडणं न्हाय."

त्या दिवाळीला जया आली, दोन पोरं घेऊन. मारुतीपाशी आई उभी होती, आणि बसच्या थांब्यावर उभं राहायला कुठलीच रीत आडवी येत नव्हती. जया पायरीवरनं उतरतानाच हसत होती. राहिली तेवढे दिवस हसत होती. "बरं चाललंय गं आई. सगळं झ्याक हाय." बाळाबाई तिच्या तोंडाकडं बघायची, डोळ्यांकडं बघायची. डोळे कुठं लाल नव्हते. ती धन्य झाली.

निघायच्या आदल्या दिवशी जया कोंडाबाईला फराळ द्यायला गेली. बाळाबाई पाठोपाठ गेली आणि दारातच उभी राहिली. एकटं सोडायचं नाही, हे तिनं ठरवलंच होतं.

"कशी हायस, जये?" कोंडाबाईनं विचारलं.

"मजेत, मावशी! बघ की, किती जाड झाले." आणि जया हसली. चांगली तोंड भरून, वर जाऊन हसायची तशी गोड हसली.

कोंडाबाईच्या हातात चकली होती. तिनं ती पुन्हा ताटात ठेवली.

जया गेल्यावर थोड्याच दिवसांनी कृष्णात शेतसारा भरायला म्हणून वाडीला आला. गप्पांच्या ओघात बोलून गेला, "भावोजींची फौंड्री बंद पडून सहा म्हैनं झालं की. जयाक्का लोकांच्या रानात भुईमूग काढाय जाती. तुमास्नी म्हायती न्हाय?"

बाळाबाई तशीच उठली. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. किती वर्षांनी ती कोंडाबाईच्या उंबऱ्याच्या आत शिरली.

"तुला म्हायती हुतं?"

"काय?"

"सोंग करू नगंस. जावयाचं काम गेलंय. पोरगी मजुरीला जाती. तुला सांगितलं असंल की तिनं!"

चुलीपुढं बसलेल्या कोंडाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "जया? मजुरीला?"

"खोटारडे! तुला सांगितलंय. तुला सगळं सांगती ती!"

"कवा सांगंल? तू सावलीवानी मागं हुतीस. आनि माझ्यासमोर बी हसलीच की ती. बघितलंस न्हवं?"

"मग कुणाला सांगितलं तिनं?"

"कुणाला न्हाय."

बाळाबाईला ते पटत नव्हतं. पटलं असतं तर फार वाईट होतं. दुसरीला सांगितलं म्हणून जळता तरी आलं असतं.

"कुणाला तरी सांगितलंच असंल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "कोंडाबाई, खरं सांग मला. माझ्यात काय खोट हाय? मी आई हाय न्हवं तिची? हसती, खाती, सगळं झ्याक म्हणती. मला का सांगत न्हाय ती? तुला ठावं हाय. तुझ्या तोंडावर दिसतंय. त्या दिशी हितं, ह्या घोंगड्यावर, तुला काय सांगितलं तिनं? का सांगत न्हाय मला?"

ती जमिनीवर बसली होती आणि आता मोठमोठ्यानं रडत होती. छाती बडवत, नाक पदरात, अंग गदागदा हलत. दारातल्या शेळ्या मान वळवून बघू लागल्या. शेजारच्या यशोदाबाईनं कुडावरनं डोकं काढलं आणि मागं घेतलं.

जयाच्याच तोंडचं, इतक्या वर्षांचं ठेवणीतलं उत्तर कोंडाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. एका वाक्याचं काम. बाळाबाई आयुष्यात पुन्हा उभी राहिली नसती.

"बोल की गं! मुकी झालीस व्हय? का सांगत न्हाय ती मला?"

कोंडाबाई उठली. कोपऱ्यातला विळा घेतला, बुट्टी काखेला मारली, आणि आपल्याच घरात रडत बसलेल्या बाळाबाईला वळसा घालून, शेळ्यांच्या पाल्याला म्हणून नदीच्या अंगाला चालू लागली.